खटाऱ्याला राजवंश मिळवून देण्याची सोपी पद्धत

तुमच्याकडे जुनी गाडी आहे. अभिनंदन. ती चालत नाही? मग दुप्पट अभिनंदन. चालणाऱ्या गाडीत गिऱ्हाईक बसते, एक चक्कर मारते आणि परत येईपर्यंत त्याला खरी किंमत कळलेली असते. न चालणाऱ्या गाडीबद्दल फक्त बोलता येते, आणि दुर्मीळ स्पोर्ट्सकारच्या धंद्यात सगळा पैसा बोलण्याचा आहे.

विश्वास बसत नसेल तर आकडे घ्या. 2018 मध्ये एक फेरारी 250 जीटीओ लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरना गेली. 2022 मध्ये मर्सिडीजची 300 एसएलआर ऊलेनहाउट कूपे 13 कोटी 50 लाख युरोंना गेली. पत्रा, काच, रबर आणि चामडे यांची बेरीज कितीही सढळ हाताने केलीत तरी या रकमेचा कोपराही भरत नाही. उरलेले पैसे इतिहासाचे. कोणी चालवली, कुठे जिंकली, कोणी कशावर आपटली, कोणाच्या गोठ्यात किती वर्षे धूळ खात पडली. गाडी त्या इतिहासावर फुकट मिळते.

इतिहास हवा तर तंजावरच्या राजवाड्याच्या आसपास मुक्काम ठोका. इथे तो रस्त्यावर सांडलेला आहे. सर्जा माडी आहे, दरबार आहे, संगीत महाल आहे, सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह आहे. बाहेर तंजावरी बाहुल्या, ताटे आणि सोनेरी वर्खाची चित्रे मांडलेली दुकाने आहेत. त्यांतली काही चित्रे शंभर वर्षांपूर्वीची आहेत आणि काहींचा रंग अजून बोटाला लागतो. शिवाय गिऱ्हाईक चालत येते. पुण्या-मुंबईहून आलेला मराठी माणूस तंजावरचे भोसले राजे सरफोजी यांच्या संगमरवरी पुतळ्यासमोर उभा राहिला की त्याचे डोळे पाणावतात. पुढचा अर्धा तास त्याला काहीही विकता येते. तो अर्धा तास कसा वापरायचा, ते आता पाहू.

पायरी 1: गाडी निवडा

खऱ्या फेरारीला इतिहास जोडणे हे काही कसब नव्हे. कसब लागते ते स्टँडर्ड हेराल्डला. मद्रासजवळ वंडलूरला कारखाना असलेली स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी 1960 च्या दशकात इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची ही देशी बहीण बनवीत असे. इंजिन 948 सीसी. वेग उतारावर बरा. आज ती राजवाड्याच्या मागच्या एखाद्या गल्लीत, नारळाच्या झावळ्यांखाली, चाकांखाली विटा लावून बसलेली सापडते.

आता पुढची वाक्ये नीट वाचा. हेराल्डची आखणी तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीने केली. याच हेराल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने 1962 मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्सकार बाजारात आणली. तिचीही आखणी मिकेलोत्तीची. तिन्ही वाक्ये खरी आहेत. म्हणजे जिच्या मागच्या सीटवर सध्या कोंबडी अंडी घालते, ती इटालियन हाताची, स्पोर्ट्सकारला चासी देणारी, उत्पादन कायमचे बंद झालेली गाडी आहे. यातही खोटे काही नाही. या विद्येचे मूळ सूत्र हेच: खोटे बोलायचे नाही, खरी वाक्ये सोयीच्या क्रमाने लावायची.

हेराल्डचे छप्पर बोल्ट सोडून काढता येते. काढा आणि तिला रोडस्टर म्हणा. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणू नका. इथला खरा पाऊस तेव्हा पडतो. बॉनेट मात्र या गाडीचे मोठे भांडवल आहे. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडल्या की ते मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खेच्या अख्खे पुढे उलटते, आणि पुढची चाके, स्टिअरिंगचे दांडे, इंजिन सगळे उघडे पडते. शर्यतीच्या गाड्यांत असतेच असे. गिऱ्हाइकासमोर हा प्रयोग एकदाच करा. दुसऱ्यांदा त्याचे लक्ष बिजागरीतून गळणाऱ्या गंजाकडे जाते.

पायरी 3: क्रमांक मोठे ठेवा

पायरी 2 कुठे गेली म्हणून मागे उलटून पाहू नका. फेरारी त्या काळात रस्त्यावरच्या गाड्यांना फक्त विषम चासी क्रमांक देत असे. आम्हीही पायऱ्यांना तेच देणार आहोत. मजकूर तेवढाच राहतो आणि मार्गदर्शन दुप्पट दिसते.

250 जीटीओचीच गोष्ट घ्या. 1962 च्या नियमांप्रमाणे त्या वर्गातल्या शर्यतीसाठी किमान 100 गाड्या बनवायला हव्या होत्या. फेरारीने सगळ्या मिळून 36 बनवल्या. मग परवानगी कशी मिळाली? जगभर सांगितली जाणारी कथा अशी की, तपासनीस आले तेव्हा फेरारीने त्याच त्या गाड्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवून पुन्हापुन्हा मोजायला लावल्या. कथा झकास आहे. खरे इतकेच की, आधीच्या आखूड 250 जीटीला 1960 मध्ये परवानगी मिळालेली होती आणि जीटीओचे काम त्याच कागदांना पुरवणी जोडून झाले. पण पुरवणी जोडल्याच्या गोष्टीला कोण बोली लावणार? जगातल्या सर्वांत महागड्या गाड्यांपैकी एकीच्या वाट्याला न घडलेली कथा येते आणि तिचे काहीच बिघडत नाही, तर तुमच्या हेराल्डने संकोच कशाला करायचा?

पायरी 5: राजा जोडा

इथे नवशिका घाई करतो. पाटी रंगवतो: ‘तंजावरच्या महाराजांची खाजगी स्पोर्ट्सकार.’ असे करू नका. तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी 1855 मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. राजवाड्यातली खाजगी मालमत्ताही उचलली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1859 मध्ये निकाल आला की ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाचा इथे अधिकार नाही. आता दुसरीकडे पाहा. कार्ल बेंझने मोटारगाडीचे पेटंट घेतले 1886 मध्ये. राजा आणि मोटार यांच्यात 31 वर्षांची फट पडते. एरवी एवढी फट आपण सहज बुजवली असती, पण गिऱ्हाइकाचा मुलगा शेजारी उभा राहून फोनवर शोधत असतो.

वाईट वाटून घेऊ नका. राजा मिळत नसेल तर घराणे घ्या. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात सगळे कोल्हापूर पाहते. कोल्हापूरचे भोसले आणि तंजावरचे भोसले, दोन्ही वंश शहाजीराजांपासून निघाले. शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे सावत्र भाऊ. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी 1930 च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन माणसांपुरती बॉडी चढवून घेतली. त्यांच्याकडे बुगाटी होती, हिस्पानो-सुइझाही होती. त्यांच्या माणिकबाग महालात आता कर खात्याचे कार्यालय आहे आणि ती ड्यूसेनबर्ग परदेशात आहे. तुमच्या कामाला मात्र हे सगळे उपयोगी. लिहा: ‘मराठा राजघराण्यांचे मोटारप्रेम प्रसिद्ध आहे. तंजावर ही मराठ्यांची राजधानी. ही गाडी तंजावरची.’ तीन वाक्ये, तिन्ही खरी. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत गिऱ्हाईक स्वतः महाराजांना बसवते.

आणखी पुढे जायची हिंमत असेल तर हे घ्या, पण जपून वापरा: ‘शिवाजींच्या काळातली गाडी.’ अगदी खरे आहे. 1964 साली तुमची हेराल्ड बनली तेव्हा तमिळ नट शिवाजी गणेशन ऐन भरात होता. त्याच्या घराण्याचे गाव सूरक्कोट्टै, तंजावरच्या जवळ. आणि त्याला शिवाजी हे नाव पडले तेही छत्रपतींची भूमिका केल्यावरूनच. मराठी गिऱ्हाईक कोणत्या शिवाजींचा विचार करते, हा त्याच्या भक्तीचा प्रश्न आहे. त्यात आपण पडू नये.

गिऱ्हाइकाने भुवई उंचावली की एकेक पायरी खाली या. ‘राजाची’ वरून ‘राजघराण्याशी संबंधित’ वर. तिथून ‘राजवाड्यातली’. तिथून ‘राजवाडा परिसरातली’. या शेवटच्या शब्दाला धरून राहा. परिसराला भिंत नसते.

राजवाड्यात वंशज आजही राहतात. त्यांना विचारायला जाऊ नका. ते खरे सांगतील.

पायरी 7: काहीतरी संपू द्या

मोठ्या दाव्याला छोटा तपशील लागतो. हे शिकायला तंजावरइतकी चांगली शाळा नाही. सांबाराची गोष्ट तुम्ही ऐकली आहे. शाहूजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीला आमसूल नव्हते, चिंच घालून वेळ मारून नेली, पाहुणे संभाजीराजे होते, म्हणून त्या आमटीचे नाव सांबार. त्या काळातला पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. तरी मराठी माणूस इडली खाताना ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नाही. ती टिकली कशावर? संभाजीराजांच्या नावावर? छे. आमसुलावर. ‘राजांनी नवा पदार्थ शोधला’ म्हटले असते तर लोकांनी जांभई दिली असती. पण फडताळात नेमके काय नव्हते हे सांगणारा माणूस त्या दिवशी चुलीजवळ उभा असणारच, असे ऐकणाऱ्याला वाटते.

तेव्हा तुमच्या गाडीच्या गोष्टीत काहीतरी संपवा किंवा तोडा. ‘लग्नाच्या वरातीत कुंभकोणमच्या अलीकडे फॅनबेल्ट तुटला, मग वरमाईच्या नऊवारीचा काठ फाडून बांधला आणि तशीच मुहूर्तावर पोहोचवली.’ बघा, आता गाडीला धूर यायला लागला. कोणाची वरमाई, कोणते साल, हे सांगू नका. काठाचा रंग सांगा. आणि तपशील मालकाला थोडा खाली मान घालायला लावणारा असू द्या. फुशारकीवर लोक शंका घेतात, फजितीवर घेत नाहीत.

पायरी 9: फडके दूर ठेवा

गाडी पुसलीत तर हे लेखन वाचून काय उपयोग?

2015 मध्ये फ्रान्समधल्या एका जुन्या संग्रहातल्या गाड्या पॅरिसला लिलावात निघाल्या. कित्येक वर्षे त्या शेडमध्ये आणि उघड्यावर पडलेल्या होत्या. त्यांत एक फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती. ती सापडली तेव्हा तिच्या अंगावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. एकेकाळी ती नट आलें दलाँकडे होती. 1 कोटी 63 लाख युरोंना गेली, धुळीसकट. एक बुगाटी तर 1936 पासून माज्जोरे सरोवराच्या तळाशी होती. 2009 मध्ये वर काढली, पुढच्या वर्षी 2,60,500 युरोंना विकली गेली. तिचा बराचसा भाग गंजून गेला होता. खरेदी करणाऱ्याने तिला दुरुस्त केले नाही, तशीच संग्रहालयात ठेवली.

म्हणून शिवगंगा तळ्यात हेराल्ड लोटायचा मोह होईल. आवरा. बाहेर काढायला क्रेन लागते आणि क्रेनवाला भाडे आगाऊ घेतो. गोठा पुरेसा आहे. झावळ्या राहू द्या, वटवाघळे राहू द्या, मागच्या सीटवरची कोंबडी उठवू नका. बॉनेटवर मासिके रचायची असतील तर खाली आनंद विकटन, वर किर्लोस्कर. दोन्ही संस्कृतींचा संगम दिसतो. फक्त अंकांवरच्या तारखा तपासून घ्या. 1964 च्या गाडीवर 1958 चा अंक सगळ्यात वर असेल तर गिऱ्हाईक विचार करू लागते, आणि विचार करणारे गिऱ्हाईक आपल्या कामाचे नाही.

पायरी 11: कागद जमवा

या बाबतीत तंजावरच्या भोसल्यांचा हात कोणी धरू शकत नाही. सरफोजीराजांनी 1803 मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत लिहवून घेतला आणि थेट बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरवला. कागदाला वाळवी लागते, आग लागते, भाऊबंद लागतात. दगडाला नुसते पर्यटक लागतात.

तुम्हाला भिंत मिळणार नाही, तेव्हा फाइल करा. जाडजूड करा. मोटारीच्या जगात तिला गाडीपेक्षा जास्त मान असतो. लिलावात ती वेगळ्या टेबलावर ठेवतात आणि लोक हलक्या हाताने पाने उलटतात. तुमच्या फाइलीत पेट्रोलच्या पावत्या घाला, टायरची बिले घाला, आरसी बुकाची फिकट प्रत घाला. गाडी ढकलत राजवाड्याच्या दाराशी नेऊन एक कृष्णधवल फोटो काढा. फोटोखाली लिहा: ‘राजवाड्यासमोर.’ उभीच होती ना?

कागद चहात बुडवून जुना करण्याची पद्धत आता सगळ्यांना माहीत झाली आहे. फिल्टर कॉफीने डाग जास्त खानदानी पडतो म्हणतात, पण या गावात कॉफी अशी वाया घालवलेली कोणी पाहिली तर तुम्हाला पाणीसुद्धा विचारणार नाहीत.

मोडीचा एखादा खरा कागद हाती लागला तर मात्र हुकमाचा एक्का. त्यात काय लिहिले आहे याची चिंता नको; तूरडाळीचा हिशेब असला तरी चालेल. पॅरिसच्या लिलावगृहात मोडी वाचणारा बसवलेला नसतो. तसा तो इथेही शोधावा लागतो. तंजावरच्या मराठी दरबाराचे जमाखर्च, पत्रे, हुकूम असे मोडी कागद सरस्वती महालात आणि तमिळ विद्यापीठात रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. विद्यापीठाने काहींचे तमिळ भाषांतर छापले, पुष्कळ अजून वाचायचे आहेत. तो सगळा खराखुरा इतिहास आहे आणि त्यावर कोणी बोली लावत नाही. तुमच्या फाइलीवर लावतील. मन खट्टू करू नका, पुढच्या पायरीवर चला.

पायरी 13: नंबर जुळवा

चासीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर कारखान्याच्या वहीशी जुळला की छत्तीस गुण जुळले म्हणायचे. किंमत तिथेच दुप्पट. तुमचे जुळणार नाहीत. गॅरेजवाल्या अण्णांना विचारून पाहा.

“ओरिजिनल काय काय आहे, अण्णा?”

“स्टिअरिंग ओरिजिनल, सार. कार्बोरेटर मारुतीचा. रेडिएटर अँबॅसिडरचा. डावं दार दुसऱ्या हेराल्डचं, उजवं तिसऱ्या.”

“आणि इंजिन?”

“इंजिन कुठं आहे, सार?”

अण्णांना लिलावाच्या दिवशी जेवायला बाहेर पाठवा. स्वतः मात्र घाबरू नका, कारण इंग्लंडचे कोर्ट तुमच्या बाजूला आहे. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटली स्पीड सिक्सने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकली. पुढे तिचे इंजिन बदलले, बॉडी बदलली, चासी बदलली, एका शर्यतीत ती कठड्यावरून उडाली आणि चालवणारा गेला, मग पुन्हा नव्याने बांधली. साठ वर्षांनी ती 1 कोटी पौंडांना विकायची ठरली तेव्हा घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. 1990 मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर पुर्जापुर्जाची साक्ष झाली. 1929 सालचे म्हणावे असे तिच्यात जवळपास काहीच निघाले नाही. तरी निकाल असा की, गाडी मूळ स्वरूपात नसली तरी ती अस्सल ओल्ड नंबर वनच आहे, कारण तिचे अस्तित्व कुठेही तुटलेले नाही. एकेक बदल होत ती इथवर आली.

हा निकाल पाठ करा आणि गिऱ्हाइकाला राजवाड्याकडे बोट दाखवा. नायकांनी बांधला, मराठ्यांनी वाढवला, नंतर ज्याला जसे जमले तसा ठिगळ लावून उभा ठेवला. तिकीट काढताना कधी कोणी विचारले का, ओरिजिनल वीट कितवी?

नंबरच नसेल तर? तोही मार्ग मोठ्या घरच्यांनी दाखवला आहे. जॅग्वारने 1963 मध्ये हलक्या वजनाच्या 18 ई-टाइप बनवायच्या ठरवल्या, बनवल्या 12. उरलेले 6 नंबर अर्धशतक वहीत पडून होते. 2014 मध्ये कंपनीने ते बाहेर काढले आणि त्या नंबरांच्या कोऱ्या करकरीत ‘जुन्या’ गाड्या विकायला घेतल्या. नंतर 1957 च्या आगीत गेलेल्या 9 एक्सकेएसएसही तशाच पुन्हा जन्माला घातल्या. कारखाना स्वतः करतो तेव्हा त्याला परंपरा चालू ठेवणे म्हणतात. तुमच्या बाबतीत दुसरा शब्द वापरतील. पण एक सोय आहे: स्टँडर्ड मोटर्स कधीच बंद पडली. प्रमाणपत्र द्यायला कोणी नाही, तसेच ‘आमची नव्हे’ म्हणायलाही कोणी नाही.

एक नंबर एकाच गाडीला द्या, हे पथ्य मात्र कडक पाळा. पुण्याकडे बनलेल्या अवंती या देशी स्पोर्ट्सकारच्या प्रकरणात 2020 च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी निर्मात्याला अटक केली, ती एकाच चासी क्रमांकावर एकाहून अधिक गाड्या नोंदवल्याच्या आरोपावरून. आरोपाचे काय करायचे ते कोर्ट पाहील. तुम्ही आपली एकच हेराल्ड सांभाळा.

पायरी 15: शर्यतीत उतरवा

मद्रासच्या उत्तरेला शोलावरम् इथे दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती. तिथे कित्येक दशके मोटारींच्या शर्यती झाल्या आणि घरच्या गाडीचे बंपर काढून उतरणारेही त्यात होते. तमिळनाडूतल्या प्रत्येक जुन्या गाडीने शोलावरम् गाजवलेले असते. तुमचीनेही गाजवले. कितवा नंबर आला हे विचारले तर ‘घड्याळ बिघडले होते’ म्हणा. पाहा, पायरी 7 इथे कामाला आली.

पायरी 17: शाप

ऐच्छिक. हॉलिवूडचा नट जेम्स डीन 30 सप्टेंबर 1955 ला ज्या पोर्शे 550 स्पायडरमध्ये गेला, तिच्या शापाच्या कथा इतक्या चालल्या की 2021 मध्ये तिचा नुसता गिअरबॉक्स 3,82,000 डॉलरना विकला गेला. तंजावरच्या मोठ्या देवळात आलेल्या पुढाऱ्याची खुर्ची जाते, अशी समजूत इथे आहेच. थोडी उसनी घ्या. पण गिऱ्हाईक आमदार असेल तर ही पायरी वगळा.

पायरी 19: तज्ज्ञ बसवा

तज्ज्ञ म्हणजे तुमच्यासारखाच, फक्त त्याची गाडी आधी विकली गेलेली असते. त्याला जाकीट, भिंग आणि बॅटरी द्या. त्याने गाडीखाली झोपून बराच वेळ काहीही बोलू नये. उठल्यावर हात पुसत एकच शब्द म्हणावा: “इंटरेस्टिंग.” त्याहून जास्त बोलला तर पैसे कापा.

मान हलवण्याचा सराव हवा. त्यासाठी राजवाड्याबाहेरच्या दुकानातून तंजावरी बाहुली घ्या. डोके, धड, घागरा असे तिचे भाग एकमेकांवर नुसते तोललेले असतात. टिचकी मारली की सगळे वेगवेगळ्या दिशांना डोलतात, पण एकही भाग ‘नाही’ म्हणत नाही. तज्ज्ञाला आठवडाभर तिच्यासमोर बसवा.

पायरी 21: नोंदणी आणि विक्री

2021 पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, मुदत दहा वर्षे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तेव्हा मद्रास राज्याच्या काळातली पाटी असेल तर ती उशाशी घेऊन झोपा. ही गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणायची. तुमच्या हेराल्डला यांतले शेवटचे कारण जन्मभर पुरेल.

लिलाव पुकारणाऱ्याकडून आकड्यांची उजळणी करून घ्या. 2019 मध्ये अमेरिकेत माँटेरेच्या लिलावात पोर्शेची टाइप 64 आली. बोली 1 कोटी 30 लाख डॉलरला सुरू झाली आणि पडद्यावर 3 कोटी झळकले, कारण इंग्रजीत तेरा आणि तीस कानाला सारखेच लागतात. 7 कोटींपर्यंत टाळ्या वाजत होत्या. मग सांगितले, 7 कोटी नव्हे, 1 कोटी 70 लाख. लोकांनी हुर्यो उडवली, काही उठून गेले, गाडी विकली गेली नाही. तुमच्या लिलावात असे झाले तर पहिला आकडा खरा म्हणून दामटा.

किंमत ठरवताना लाजू नका, पण थांबायचे कुठे ते माहीत असू द्या. गिऱ्हाइकाने बॉनेट दुसऱ्यांदा उघडायला सांगितले, गाडीपेक्षा कोंबडीचीच चौकशी जास्त केली किंवा अण्णांचा पत्ता मागितला, तरी सौदा वाचवता येतो. एकाच गिऱ्हाइकापुढे इलाज नाही: फाइलीतला मोडी कागद उचलून जो सरळ वाचत सुटतो आणि तुम्हाला तूरडाळीचा भाव सांगतो. त्याच्याशी वाद घालू नका. फाइल मिटा, त्याला एक कॉफी पाजा आणि हाताला धरून सरस्वती महालात नेऊन सोडा. तिथे अशा माणसाची वाट पाहणारे रुमाल पुष्कळ आहेत.